मळ्याचं पाणी

पानमळ्यात चपला घालून जायचं नाही, मळ्यात मोठ्या आवाजात भांडायचं नाही आणि बायकांनी त्या चार दिवसांत मळ्याच्या कुंपणालासुद्धा हात लावायचा नाही. आमच्या घरी देवाचा नैवेद्य एखादे दिवशी उशिरा झाला तरी कोणी काही बोलत नसे, पण मळ्याचे हे नियम मोडायची कोणाची छाती नव्हती. "पानवेल फार सोवळी गो बाय, तिला सगळं समजतं," असं मोठी आई म्हणायची. मोठी आई म्हणजे माझी थोरली काकू. वेलीला समजतं म्हणजे नेमकं काय समजतं, असं मी लहानपणी एकदा तिला विचारलं, तर तिनं पाठीत असा धपाटा घातला की पुढे कितीतरी वर्षं मी शहाण्यासारखी गप्प राहिले. मोठेपणी मी बास्केटबॉल खेळले, खेळाच्या जोरावर पोट भरलं, आणि लोक आजही मला विचारतात ते त्या खेळाबद्दलच. माझी नात तर तोंड वर करून विचारते, "आजी, तू प्रो होतीस का गं?" होते बाई. आमच्या वेळी हा शब्द नव्हता, 'कंपनीची प्लेअर' म्हणायचे. पण मी ती कशी झाले हे सांगायचं तर त्या मळ्यापासूनच सुरुवात करावी लागते, त्याला माझा इलाज नाही.

आमचं घर निर्मळहून कळंबच्या दर्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. पुढे अंगण, अंगणात प्यायच्या पाण्याची विहीर, घरामागे केळी, आणि केळींच्या मागे मळा. मळ्याची विहीर वेगळी, पार मागे, समुद्राच्या अंगाला. मळ्यात शिरलं की ऊन संपायचं. पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेले वेल दोन्ही बाजूंनी इतके दाट, की भर दुपारी आत अंधूक हिरवा उजेड असायचा, पायाखाली गार ओली माती, आणि कान दिला तर पाटातून सरकणाऱ्या पाण्याचा आवाज. बाकीच्या वाडीत कोंबड्या, कावळे, डिझेल पंपाचा टकटकाट आणि मोठी आई, असा चौघांचा गोंगाट चाले. मळ्यात मात्र सगळेच हळू बोलत. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, दिवसभर तिथेच असत. कमरेला पंचा, खांद्यावर केळीच्या सोपटाचे, वाळल्या सालपटांचे, दोर. वेल वाढेल तसा तो सोपटानं झाडाला बांधत न्यायचा, फार आवळायचा नाही, फार सैल सोडायचा नाही. दादांच्या हातची बांधणी बघायला गास-भुईगावची माणसं यायची. कौतुक केलं की दादा लाजून दुसऱ्या ओळीत निघून जायचे.

घराचा कारभार आप्पांकडे. आप्पा म्हणजे दादांचे थोरले भाऊ, मोठ्या आईचे यजमान. मळ्यात राबायला दादा, आणि बाजाराला जायला, चार माणसांत बसायला, शब्द द्यायला आणि दिलेला शब्द फिरवायला आप्पा. आप्पा वाईट होते असं मी आजही म्हणणार नाही. माझ्या तापात रात्रभर उशाशी बसलेले आप्पा मला आठवतात. पण आप्पांच्या तोंडून शब्द निघाला की तो दादांना पटलेलाच असे. आप्पा म्हणाले असते कावळा पांढरा, तर दादा म्हणाले असते, हो, जरा पांढरट आहे खरा. या स्वभावाचं घरात सगळ्यांना कौतुक होतं. भाऊ असावेत तर असे, म्हणायचे. मलाही तेव्हा ते कौतुकच वाटायचं, चीड यायला मला बराच वेळ लागला.

आई आप्पांसमोर बोलत नसे. समोर येतही नसे. डोक्यावरचा पदर पुढे ओढून दाराआडून ताट सरकवायची आणि आत वळायची. तिला काही सांगायचं असलं तर ती मोठ्या आईला सांगे, मोठी आई आप्पांना सांगे, आणि वाटेत त्या सांगण्याचं काय व्हायचं ते मोठ्या आईलाच ठाऊक. पण चुलीपाशी आईचं राज्य होतं. तांदळाच्या पातळ भाकऱ्या, ओल्या बोंबलांचं कोकम घातलेलं कालवण, केळफुलाची भाजी. उन्हाळा लागला की राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि त्यांची सुकेळी करायची. त्या दिवसांत साऱ्या अंगणाला केळ्यांचा गोड, जडसा वास येई, आणि मधमाश्या हाकलायला मला बसवत. घरात आम्ही आमची बोली बोलायचो. ती जशीच्या तशी इथे लिहिली तर माझ्या नातीलाही कळायची नाही, म्हणून ज्याचं त्याचं बोलणं मी थोडं सोपं करून लिहिते आहे. आईला वाचता आलं असतं तर तिनं मला यावरून फैलावर घेतलं असतं.

मी उंच. आमच्या घरात इतकं उंच कोणी नव्हतं, त्यामुळे पाहुण्यांना तो एक विषयच होता. "हिला खत कुठलं घालता?" असं विचारून जो तो आपण पहिल्यांदाच विनोद केल्यासारखा हसायचा. फायदा एवढाच, की वेलाची वरची पानं खुडायला मला शिडी लागत नसे. टाचा उचलून हात लांबवायचा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर जागच्या जागी उडी मारून पान देठाशी नखानं तोडायचं, वेलाला हिसका बसू द्यायचा नाही. पुढे गावातल्या चर्चच्या शाळेत डिमेलो सरांनी मला बोर्डावर आपटून परत आलेला चेंडू पहिल्यांदा झेलताना पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "उडी मारायला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, पानांनी. सर हसत सुटले. त्यांना वाटलं पोरगी आगाऊ आहे.

सरांचं कोर्ट चर्चच्या आवारात, सिमेंटचं, एका बाजूला तडा गेलेलं. तिथे आम्ही संध्याकाळी खेळायचो. अंधारायला लागलं की प्रार्थनेची घंटा व्हायची आणि चेंडू ज्याच्या हातात असेल तो काखेत धरून सगळे जागच्या जागी उभे राहायचे. सर डोळे मिटून पुटपुटायचे. मी हिंदूची मुलगी, मला ती प्रार्थना येत नव्हती, पण घामानं थबथबलेल्या अंगावर दर्याचा वारा लागत असताना त्या घंटेखाली उभं राहणं मला फार आवडायचं. कॉलेजात गेल्यावर तर मी नुसती खेळतच होते. आमच्या कॉलेजानं विद्यापीठाची स्पर्धा जिंकली, आणि अंतिम सामन्यात शेवटची बास्केट माझी होती. दुसऱ्या दिवशी आगाशीच्या बाजारात एक अनोळखी भाजीवाली मला म्हणाली, "तूच ना गो ती पानवाल्यांची उंच पोर?" आणि तिनं मला दोन पेरू फुकट दिले. आयुष्यात पुढे मला मेडल मिळाली, शाली मिळाल्या, एकदा तर चांदीचा मुलामा दिलेली एक भयंकर परी मिळाली. त्या पेरूंइतकं काहीच गोड लागलं नाही.

त्याच सामन्याला कुंटे बाई आल्या होत्या. अंधेरीच्या एका औषध कंपनीचा महिला संघ होता, त्याच्या त्या प्रशिक्षक. बाईंचा आवाज रेती चाळल्यासारखा. मला बाजूला घेऊन त्यांनी सरळ सांगितलं, एक जागा आहे, परीक्षा झाली की ये, राहायची सोय आमची, पहिलं वर्ष खेळून दाखव, मग नोकरीत कायम करू. मुलगी खेळून पोट भरते हे मी तोपर्यंत ऐकलंसुद्धा नव्हतं. घरी सांगितल्यावर आप्पा थोडा वेळ सुपारी कातरत राहिले आणि म्हणाले, "कंपनी चांगली आहे. जाऊ दे." आप्पांनी जाऊ दे म्हटल्यावर दादांचा चेहरा असा फुलला की जणू निवड त्यांचीच झाली. मोठ्या आईला मात्र ते पचलं नाही. खेळणाऱ्या मुली त्या चार दिवसांत काय करतात, असं तिनं आईला मला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. आई म्हणाली, "खेळतात." बस, एवढंच. मी आत हसून हसून मेले.

आता मळ्याचं सांगते. स्टेशनपलीकडे तुळिंजला तेव्हा इमारतींवर इमारती उठत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. आमच्या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी टँकरनं तिकडे जायला लागलं होतं. दसऱ्यानंतर आप्पांनीही मळ्याच्या विहिरीपासून रस्त्यापर्यंत पाइप टाकला आणि आमच्या कुंपणाशी सकाळ-संध्याकाळ टँकर उभे राहायला लागले. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, गावात निम्म्या घरांनी तेच केलं होतं. दादांनी एकदाच, जेवताना, खाली बघून म्हटलं, "विहीर फार उपसतेय." आप्पा म्हणाले, "अरे, उपसली तेवढी भरतेय ना?" भरत होती, ते खरंच होतं. कशानं भरत होती ते कोणी विचारलं नाही.

थंडी सरता सरता एका दुपारी दादांनी मला मळ्यातून हाक मारली. मी केळींशी उभी राहून सांगितलं, दादा, मी आज यायची नाही. त्यांना कळलं. इकडेतिकडे बघून ते म्हणाले, "ये गो. कोण बघतंय? उद्या माल जायचाय आणि वरची पानं तुझ्याच हाताला येतात." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. नियम मोडायला मला माझ्या बापानं बोलावलं, याचाच आनंद जास्त होता. मी अनवाणी आत गेले, आम्ही दोघांनी मिळून ओळ खुडली, आणि दादा चक्क गुणगुणत होते. पाटाच्या कडेला चिखल होता. आमच्या घरात माझ्याएवढं मोठं पाऊल कोणाचं नाही, हे मात्र माझ्या लक्षात यायला हवं होतं.

होळीच्या सुमाराला वेल करपायला लागले. आधी पानाची कड तपकिरी व्हायची, मग पान गळायचं, मग अख्खा वेल दोरासारखा वाळून झाडाला लटकत राहायचा. मागच्या बाजूनं सुरू झालं आणि बघता बघता निम्मा मळा उघडा पडला. जिथे कधी ऊन शिरलं नव्हतं तिथे लख्ख ऊन पडलेलं बघून मला कसंसंच व्हायचं. आप्पांनी औषध मारलं, खत बदललं, देवाला कौल लावला. आणि एक दिवस सकाळी सगळे ओटीवर असताना मोठी आई पदर खोचून पुढे आली. "औषध कसलं मारताय? या पोरीला विचारा, बाहेरची असताना मळ्यात कोण शिरलं होतं. पाटाच्या कडेला एवढं मोठं पाऊल बघितलंय मी माझ्या डोळ्यांनी. न्हाणीमागं कपडे वाळत होते ते पण बघितलेत. हिनंच मळा बाटवला."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "सुलू, गेली होतीस?" मी म्हटलं, "गेले होते." पुढचं वाक्य माझं नव्हतं, ते दादांचं होतं. मीच बोलावलं तिला, एवढंच. तीन शब्दांचं काम. दादा ओटीच्या कडेला सोपट सोलत बसले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले, आईही दाराआडून त्यांच्याकडेच बघत होती. दादा सोपट सोलत होते, ते सोलतच राहिले. त्यांची दातखीळ बसली होती म्हणावं, तर तसंही नाही, कारण थोड्या वेळानं आप्पांनी टोपली मागितली तेव्हा "ही घ्या" म्हणाले. मग मी का नाही सांगितलं, असं माझ्या मुलानं मला एकदा विचारलं. अरे, मी सांगून काय उपयोग होता? ते मला त्यांच्या तोंडून हवं होतं.

आप्पांनी निकाल दिला, आणि त्यांच्या परीनं तो सौम्यच होता. मेलेले वेल काढून नवी लावण करायची, आणि नव्या वेलांना पाणी मी घालायचं, कळशीनं, माझ्या हातानं. वेल पहिल्या बांधणीला येईपर्यंत मी वाडीबाहेर जायचं नाही. "ही शिक्षा नाही बाय," आप्पा मला म्हणाले, "वेलीची समजूत काढायची असते." नवा वेल बांधणीला यायला निम्मा पावसाळा उलटतो. कंपनीत हजर व्हायचं होतं मे महिन्यात. परीक्षेपुरती सूट मिळाली, बाकी कोर्ट बंद, सर बंद, सगळं बंद.

मला सगळ्यात लाज कशाची वाटते सांगू? मला अर्धं पटलं होतं. कॉलेजात शिकलेली मी, मुंबईच्या मुलींना कोपरानं ढकलून चेंडू काढणारी मी, पहाटे उठून कळशी खांद्यावर घेताना मनात म्हणायची, वेली गो, चुकलं माझं, जग एकदाची. आणि जीव तोडून पाणी घालायची. नवा कोंब मान टाकायला लागला की मी त्याला आणखी एक कळशी घालायची. त्यानं आणखी मान टाकली की आणखी एक. खांद्याला घट्टा पडला. माझ्या हातानं लावलेलं एकेक रोप माझ्याच हातच्या पाण्यानं मरत होतं आणि मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी वाईट आहे. पुढे कंपनीत असताना एखादा सामना हरलो की सगळ्या मुली पंचांना शिव्या द्यायच्या, आणि मी एकटी कोपऱ्यात माझं काय चुकलं ते शोधत बसायची. कुंटे बाई म्हणायच्या, "या मुलीला कोणीतरी फार वाईट सवय लावली आहे." मी त्यांना कधी काही सांगितलं नाही.

मे उजाडला आणि एक दिवस डिमेलो सर स्कूटरवरून आले. आप्पांनी त्यांना अगदी मानानं बसवलं, केळी दिली, "मळ्याचं काम निघालंय हो," म्हणाले. सर केळं हातात धरून मागे मळ्याच्या कुंपणापर्यंत आले. माझ्या खांद्यावरची कळशी बघून त्यांचा चेहरा उतरला. "सुलभा, सोमवारी सकाळी हजर झाली नाहीस तर बाई दुसरी मुलगी घेणार आहेत. नागपूरची आहे, चांगली आहे. तुला ताप आहे म्हणून मी अजून किती दिवस सांगू?" मी कळशी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तुला जायचं नाही का?" त्यांनी विचारलं. मला इतकं रडू आलं की मी त्यांच्याकडे पाठ केली. सर परत फिरले. त्यांची स्कूटर दिसेनाशी झाली तेव्हा मी विहिरीच्या काठावर बसले होते, रागानं आणि उन्हानं तोंड पेटलेलं. मी कळशी तशीच तोंडाला लावली आणि घटाघट दोन घोट घेतले.

मचूळ. नुसतं मचूळ नाही, मिठाचं पाणी, दर्याचं. तोंडातला घोट मी थुंकून टाकला आणि जिभेवरून बोट फिरवत बसले. आम्ही घरातले सगळे पुढच्या विहिरीचं पाणी प्यायचो, या विहिरीचं मी कित्येक महिन्यांत तोंडाला लावलं नव्हतं. लावायचे ते दादा. पान खाऊन झालं की इथेच चूळ भरायचे, इथेच पाणी प्यायचे. आणि मग मला आठवलं, की थंडीपासून दादा सकाळी घरातून निघताना माठातल्या पाण्याची बाटली भरून नेत होते. आई एकदा त्यांना हसलीसुद्धा होती, "तुम्हाला पण ऑफिसात जायचंय वाटतं?" म्हणजे त्यांना माहीत होतं. वेल करपायच्या आधीपासून माहीत होतं. मी कळशा वाहत होते ते रोज बघून, खाली मान घालून, ते माझ्या शेजारून जात होते. त्या विहिरीवर मला जे वाटलं त्याला राग हा शब्द फार लहान आहे.

मी तांब्या भरला आणि घरी आले. दुपारची जेवणं आटोपून आप्पा आणि दादा ओटीवर बसले होते, मोठी आई सुपारी फोडत होती. मी तांब्या आप्पांच्या पुढे ठेवला. "आप्पा, मळ्याच्या विहिरीचं आहे. एक घोट घ्या." आप्पांनी तांब्याकडे बघितलं आणि मग रस्त्याकडे, तिथे टँकर भरत होता. ते हुशार माणूस, त्यांच्या लगेच लक्षात आलं. "मला तहान नाही," ते म्हणाले. मी तिथेच उभी. "मग वेल मी मारले नाहीत," मी म्हटलं. "हे पाणी चाखा आणि मग सांगा कोणी मारले." मोठी आई ओरडली, "तोंड बघा पोरीचं!" आप्पांनी हात वर करून तिला थांबवलं, तांब्या उचलला आणि दादांच्या हातात दिला. "मळा तुझ्या हाताखालचा. पाणी तू ओळखतोस. तू सांग, कसं आहे?"

दादांनी तांब्या तोंडाला लावला. मला वाटलं, आता. त्यांचा कंठ वर-खाली होताना मला दिसत होता. एक घोट नाही, ते पितच राहिले, तांब्या अर्धा होईपर्यंत. मग त्यांनी मिशी पुसली, आप्पांकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं आहे की. गोड आहे."

मला कोणी तोंडात मारली असती तरी चाललं असतं. मी काही बोलणार एवढ्यात दाराआडून आई बाहेर आली. आप्पांच्या समोर, भर ओटीवर. डोक्यावर पदर होता, पण चेहरा उघडा होता. तिनं दादांच्या हातातून तांब्या घेतला, मोठा घोट भरला, ओटीच्या कडेला गेली आणि सगळ्यांच्या देखत अंगणात चूळ थुंकली. "खारं हाय," ती म्हणाली. तिचा आवाज आप्पांनी समोरासमोर ऐकलेला तो पहिलाच. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सुले, कपडे भर." आप्पा तिच्याशी बोलले नाहीत, दादांना म्हणाले, "हिला आत जायला सांग." दादा ओटीवर पडलेली सुपारीची खांडं वेचायला लागले. आईच म्हणाली, "मी जाते आत. मला कुठं जायचंय? ती जाईल."

आई खरंच कुठे गेली नाही. आयुष्यभर त्याच घरात राहिली, आणि मोठ्या आईनं तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं ते शेवटपर्यंत. मळा परत उभा राहिला नाही. आता तिथे लग्नाचं लॉन आहे आणि गावाला पाणी नळानं येतं. मी कंपनीकडून खेळले, महाराष्ट्राकडून खेळले, माझे गुडघे गेले, आणि कंपनीला एक दिवस खेळ परवडेनासा झाला तेव्हा त्यांनी संघ मोडला आणि आम्हाला टपालाच्या टेबलांवर बसवलं. त्याबद्दल लिहायचं तेव्हा लिहीनच. पण एवढं खेळून, एवढं हिंडून, मला कोणी विचारलं की आयुष्यात सगळ्यात शूर माणूस कोण बघितलंस, तर मला चूळ थुंकणारी माझी आई दिसते. आणि तिच्या शेजारी, नको असले तरी, दादा दिसतात.

त्या दुपारी मी दोन जोड कपडे, बूट आणि आईनं फडक्यात बांधून दिलेली सुकेळी पिशवीत भरली. आप्पा आणि मोठी आई आत निघून गेले होते. मी ओटीवर आले तर दादा तिथेच पायरीवर, मघाशी बसले होते तसेच. मी त्यांच्या शेजारून उतरायला लागले तेव्हा त्यांनी वर न बघता हाक मारली. "सुलू, जरा पाणी दे गो. घशाला कोरड पडलीय." मी थांबले. ते अगदी हळू, मळ्यात बोलायचे तसं म्हणाले, "पुढच्या विहिरीचं दे."

मी पिशवी खाली ठेवली. आत जाऊन माठातलं पाणी आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. ते सगळं प्यायले, आणखी मागितलं, मी आणखी दिलं. मी समोर उभी होते. आता कोणी नव्हतं, आप्पा नव्हते, मोठी आई नव्हती. दादांनी रिकामा तांब्या बाजूला ठेवला, पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "जा. गाडी चुकेल." मी त्यांच्या पाया न पडता निघाले.